शिल्लक कापडावर करिअर उभं राहतं का?

टाचणी

फॅशन डिझाइनचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं. पदवीच्या सादरीकरणासाठी मी तंबू शिवणाऱ्या कारखान्यातलं बाद झालेलं कापड वापरलं होतं. विटकरी आणि करड्या रंगाचं नायलॉन, आतल्या बाजूने कोटिंग केलेलं. त्यातून जॅकेटं आणि दोन लांब झगे केले. ते बघून एका दुकानाची खरेदी सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, हे विटकरी जॅकेट चार मापांत मिळून चाळीस नग देशील का? माझ्याकडे उरलेल्या विटकरी कापडात जेमतेम तीन निघतील. कारखान्यात चौकशी केली तर तो लॉट संपलाय, आणि पुढे कुठल्या रंगाचं कापड बाद होईल ते त्यांनाही सांगता येत नाही.

आमचे सर म्हणतात, हे प्रदर्शनापुरतं छान आहे, पण पोटापाण्याचं बघायचं तर नव्या कापडाकडे वळ. मला वळायचं नाहीये. पण कापड हातात नसताना ऑर्डर कशी घ्यायची तेही कळत नाही. इथे कुणी शिल्लक किंवा वापरलेल्या मालावर वर्षानुवर्षं काम केलंय का? म्हणजे एखादा संग्रह असं नाही, सगळी कारकीर्दच?

उभा धागा

टाचणी, मी केलंय आणि अजून करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या बाईंना नकार कळवू नकोस. चाळीस नग देता येतील, फक्त सगळे विटकरी नसतील, एवढं सांगून वेळ मागून घे. मधल्या काळात जॅकेटचा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा नमुना, पुन्हा मांडायचा आहे.

मी सुरुवातीला शर्टांच्या कारखान्यात पॅटर्न करायचे. कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर अंथरताना प्रत्येक ताग्याचा शेवट उरतो. कधी दोन मीटर, कधी पाऊण मीटर. पुढच्या थराला पुरत नाही म्हणून तो बाजूला पडतो. आम्ही त्याला एंडबिट म्हणायचो. कापड अव्वल, रेषा सरळ, रंग पक्का, कमी असते ती फक्त लांबी. माझं पुढचं सगळं काम या एंडबिटांवर झालं. रेषांचं आणि चौकटींचं शर्टिंग, दुसरं काही मी जवळजवळ घेतच नाही.

माझा सगळ्यात जास्त खपणारा कपडा म्हणजे कमरेखाली जरा उतरणारा एक शर्ट. त्याचे चौदा भाग आहेत आणि त्यातला एकही ४० सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा ७० सेंटिमीटरपेक्षा लांब नाही. पाठ तीन उभ्या पट्ट्यांची, पुढची प्रत्येक बाजू दोन भागांची, बाहीला कोपराच्या जरा वर जोड. हे जोड शोभेसाठी नाहीत. पाऊण मीटरच्या तुकड्यातून मला दोन-तीन भाग निघायलाच हवेत, म्हणून कपडा तिथे तिथे विभागला. जोड कुठे द्यायचा हे अंगाकडे बघून ठरवलं, पण तो द्यायचाच हे कापडाने ठरवलं. नेहमीच्या पद्धतीत आपण आधी चित्र काढतो आणि मग त्याला शोभेल असं कापड मागवतो. इथे कापड आधी येतं आणि आपल्याला काय काय करता येईल ते तेच सांगतं. मला हे बंधन फार आवडतं. कोऱ्या कागदापुढे बसून मी इतका नेटका शर्ट कधीच काढू शकले नसते.

आता ऑर्डरचं. दुकान माझ्याकडे आकार, माप आणि शिवण मागतं. रंगाचे मी गट करते: निळ्यातले, राखाडीतले, तांबूस. प्रत्येक गटाचं एक कार्ड असतं. त्यावर त्या गटातला सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकट तुकडा डकवलेला. या दोन टोकांच्या मध्ये काहीही येईल, असं म्हणून आम्ही दोघंही त्या कार्डावर सही करतो. मग चाळीस काय, शंभर नगही देता येतात. एकही शर्ट दुसऱ्यासारखा नसतो आणि तरी सगळे एकाच घरातले दिसतात.

कापड दर वेळी बदलणार हे धरूनच चालायचं, आणि म्हणून दुसरं काहीतरी घट्ट धरून ठेवायचं. ज्यांचं या कामात नाव झालं त्यांच्याकडे बघ. लमिन कुयाते मूळचा बामाकोचा. पॅरिसमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झुलीबेट या नावाने त्याने कपडे करायला घेतले. जुने स्वेटर, लांब मोजे, घातलेले कपडे कापून अंगाला घट्ट बसणारे नवे झगे. कापड कुठून कुठून आलेलं, पण जोड सगळे लाल दोऱ्याने ओव्हरलॉक केलेले, म्हणजे कडा दोऱ्याने गुंफून शिवलेले, आणि वरून दिसणारे. तो लाल दोरा दिसला की कपडा कुणाचा ते कळायचं. बेल्जियमचा डिझायनर मार्टिन मार्जिएला याने १९९१च्या सुमाराला सैन्याच्या शिल्लक मोज्यांचा स्वेटर केला. मोज्याच्या टाचेला मुळात जो फुगवटा असतो तो त्याने कोपरावर आणि छातीवर आणून बसवला. विणकरानेच घडवून ठेवलेला गोलावा जसाच्या तसा कामी आला. मी तो स्वेटर फोटोत पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ फक्त टाचा शोधत बसले होते. टाकलेल्या वस्तूकडे इतकं बारकाईने बघणं हेच या धंद्याचं खरं भांडवल आहे असं मला मनापासून वाटतं.

लंडनचा क्रिस्टोफर रेबर्न याने लष्करी शिल्लक धरून ठेवली. पॅराशूटचं नायलॉन, सैनिकांचे कोट, आणि १९५०च्या दशकातले रेशमावर छापलेले नकाशे, जे वैमानिकांना संकटात वापरायला दिले जायचे. त्या नकाशांची त्याने जॅकेटं केली. त्याचा ब्रँड २००९च्या आसपास सुरू झाला, आणि २०१८ मध्ये टिंबरलँडसारख्या बूट आणि कपड्यांच्या मोठ्या कंपनीने त्याला क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून घेतलं. तेव्हा तुमच्या सरांना सांग, पोटापाण्याची सोय झालेली माणसं आहेत.

तुझ्याकडे तंबूचं कापड आहे. तेच घट्ट धर. आज तंबू, उद्या पडदे, परवा जीन्स असं फिरत राहिलीस तर एकाही कापडाचा स्वभाव तुला नीट कळणार नाही.

लॉट नंबर

मी कपड्यांच्या कारखान्यात मर्चंडायझर आहे, म्हणजे ऑर्डर आणि माल यांचा मेळ बघतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. टाचणी, "पुढे काय बाद होईल ते सांगता येत नाही" हे अर्धंच खरं आहे. शिल्लक ठरलेल्या जागीच तयार होते. गिरणी शेकडो मीटरच्या खाली एक रंग रंगवून देत नाही, म्हणून गरजेपेक्षा जास्त कापड घ्यावं लागतं. त्यावर दोषांसाठी दोन-पाच टक्के आणखी. मग शेड जुळली नाही म्हणून अख्खा लॉट नाकारला जातो, किंवा शिवण सुरू व्हायच्या आधीच ऑर्डर रद्द होते. कापताना साधारण १५ टक्के कापड वाया जातं असा हिशोब सर्रास धरतात, पण ते बहुतेक बारीक, वाकडे तुकडे असतात. तुमच्या कामाचे ते नव्हेत. तुम्ही मालकाकडे न जाता स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाकडे जा. महिन्याच्या शेवटी रॅक रिकामे करायचे असतात तेव्हा काय पडून आहे ते त्याला तोंडपाठ असतं.

आणखी एक. कारखान्यांना शिल्लक दाखवायची नसते. ब्रँडशी करार असतो की त्यांचं नाव छापलेलं कापड किंवा बटणं बाहेर जाता कामा नयेत. त्यामुळे "काय उरलंय" असं विचारलं की दार बंद होतं. लोगो, लेबल आणि छापील नाव असलेला भाग मी कापून टाकीन किंवा झाकीन, हे आधीच लेखी द्या. यात तुमचाही बचाव आहे. दुसऱ्याची नाममुद्रा दिसेल अशी वस्तू विकली तर कोर्टापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

वारं बदलतंय हेही खरं. बर्बेरी या महागड्या कपड्यांच्या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पाउंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि कंपनीने ती पद्धत थांबवली. फ्रान्सने २०२० मध्ये याविरुद्ध कायदा केला. युरोपीय संघाच्या नियमानुसार १९ जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मनाई आहे. म्हणजे हा माल कुठेतरी वळवावाच लागणार.

काजबटण

सगळ्यांच्या उत्साहाचा आदर राखून एक शंका. काही गिरण्या आता मुद्दाम जास्त कापड काढतात आणि "डेडस्टॉक", म्हणजे पडून राहिलेला माल, म्हणून विकतात, कारण त्या शब्दाला गिऱ्हाईक आहे. तसं असेल तर तुम्ही शिल्लक वापरता म्हणजे नक्की काय वाचवता? शेवटी आणखी कपडेच बाजारात येतात ना?

टाचणी

उभा धागा ताई, चौदा भागांचं वाचून मी माझं जॅकेट जमिनीवर पसरून बसलेय. पाठीचा भाग एकसंध आहे, तिथेच सगळं कापड जातंय. लॉट नंबर, स्टोअरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार.

दोन गोष्टी अजून विचारते. एक, हे कोटिंगचं नायलॉन अंगावर घालायला आणि टिकायला कसं असतं? सादरीकरणातली जॅकेटं कुणी धुतलेली नाहीत. दोन, किंमत कशी लावायची? कापड जवळपास फुकट मिळालं, म्हणून जॅकेट स्वस्त असेल असं त्या बाई धरून चालल्यात.

उभा धागा

काजबटण, शंका रास्त आहे आणि ती विचारणारं कुणीतरी हवंच. मी माझ्यापुरता एक नियम केलाय: कापड का उरलं याचं कारण मला सांगता आलं पाहिजे. ताग्याचा शेवट, रद्द झालेली ऑर्डर, जुळली नाही ती शेड. कारण न सांगता तेच कापड कुणी वर्षभर हवं तेवढं पुरवायला तयार असेल, तर ती शिल्लक नव्हे आणि मी ते घेत नाही. आणखी कपडे बाजारात येतात, हेही खरंच. म्हणून मला एस्टोनियाच्या रीत आउसचं काम फार मोलाचं वाटतं. ती बांगलादेशातल्या एका प्रचंड कारखान्यात गेली, तिथे नेमकी कुठल्या टप्प्यावर किती शिल्लक पडते ते मोजलं, आणि त्याच कारखान्यात त्याच शिलकीतून कपडे शिवून घेण्याची पद्धत बसवली. तिची डॉक्टरेटही याच विषयावर आहे. डिझायनरने कारखान्याच्या आत जाऊन केलेलं हे काम आहे. टाचणी, तुझ्या करिअरचा एक रस्ता तिकडेही जातो हे ध्यानात ठेव. प्रत्येकीने स्वतःचाच ब्रँड काढावा असं काही नाही. कारखान्यांना शिलकीचा हिशोब आणि तिचा पॅटर्न दोन्ही कळणारी माणसं लागणार आहेत, आणि अशी माणसं अजून फार थोडी आहेत.

दुसरं उदाहरण ओर्सोला दे कास्त्रोचं. १९९७ मध्ये तिने फ्रॉम समव्हेअर हा ब्रँड सुरू केला. भोकं पडलेल्या स्वेटरांच्या भोकांभोवती क्रोशा करून ती भोकं सजवायची, तिथून सुरुवात. पुढे जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० पासून स्पर्धांमध्ये पोहण्याचा वेग वाढवणारे खास पोशाख घालायला बंदी केली आणि ते बनवणाऱ्या स्पीडो कंपनीकडे तो माल पडून राहिला. तिने त्यातून संध्याकाळी घालायचे झगे केले. पाणी कापण्यासाठी बनवलेलं कापड! वस्तू निकामी झाली होती ती एका नियमामुळे, कापडात खोट काहीच नव्हती. शिलकीचं कारण माहीत असलं की असं काही सुचतं.

आता तुझं नायलॉन. इथे जरा थांबून वाच.

तंबूच्या कापडावर आग लवकर पकडू नये म्हणून रसायनांची प्रक्रिया केलेली असू शकते. ते अंगावर घालण्यासाठी बनवलेलं नसतं. त्यामुळे काहीही विकायच्या आधी कारखान्याकडून त्या लॉटचा तांत्रिक तक्ता माग. प्रक्रिया असेल तर ते कापड कपड्यांसाठी सोडून दे, त्याच्या पिशव्या कर. अस्तर लावलं की झालं, असं कुणी सांगेल. मी तरी अस्तराच्या भरवशावर ते विकणार नाही.

कोटिंग दोन प्रकारचं असतं, पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन. पॉलियुरेथेनचं कोटिंग दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की पाण्याच्या वाफेने तुटत जातं. आधी हाताला चिकट लागतं, आंबूस वास येतो, मग पापुद्रे सुटतात. म्हणून कापड कधीचं आहे ते विचार, आणि घडीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून बघ, कारण खराबी तिथून सुरू होते. सिलिकॉनचं कोटिंग असं लवकर जात नाही, पण त्यावर शिवण बंद करायची नेहमीची टेप चिकटत नाही. पावसाचं जॅकेट म्हणून विकणार असशील तर हे आधी माहीत हवं.

या कापडात सुईने पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. उसवून परत शिवायची सोय नाही. टाचण्याही लावायच्या नाहीत, चिमटे वापर (तुझ्या नावावर अन्याय होतोय खरा). ७० नंबरची टोकदार सुई, टाका ३ मिलिमीटर किंवा जरा मोठा. टाके बारीक पडले तर भोकांची रांग होते आणि कापड तिथेच फाटतं. इस्त्री अगदी कमी, वरून सुती फडकं घालून. आणि प्रत्येक लॉटमधून ५० सेंटिमीटरचा चौकोन कापून खुणा कर, धू, वाळव, मोज. नायलॉन फारसं आटत नाही, पण कोटिंग सुटतं का आणि गडद रंग शेजारच्या फिकट तुकड्यावर उतरतो का, ते या चौकोनात कळतं. वेगवेगळ्या लॉटचे तुकडे एकाच कपड्यात येणार असतील तर ही परीक्षा टाळताच येणार नाही. माझ्याकडे अशा चौकोनांच्या वह्याच आहेत. कुठल्या ताग्याचा, कुठून आला, धुतल्यावर काय झालं, सगळं लिहिलेलं. नवीन मुलगी कामाला लागली की तिला मी मशीनवर बसवायच्या आधी या वह्या वाचायला देते.

किमतीचं. कापड स्वस्त पडलं तरी काम महाग पडतं, हे त्या बाईंना अगदी शांतपणे समजावून सांग. नेहमीच्या कारखान्यात डझनावारी थर एकावर एक ठेवून एकदम कापतात. तुला एकेक थर कापावा लागतो, कारण प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा आणि डाग वेगळ्या जागी. त्याआधी निवडणं, तपासणं, धुणं आहे. घातलेले कपडे वापरणाऱ्यांना उसवणंही. एका जॅकेटवर घड्याळ लावून बस आणि निवडण्यापासून शेवटचा दोरा कापेपर्यंतचे तास मांड. किंमत त्या तासांवर ठरव. मार्जिएलाच्या फॅशन हाउसमध्ये हातकामाच्या कपड्यांसोबत त्याला किती तास लागले ते सांगायचे. मीही माझ्या लेबलवर ते लिहिते, आणि गिऱ्हाइकं ते वाचतात, त्याबद्दल विचारतात.

शिल्लक कायम फुकट मिळेल असंही धरू नकोस. एलव्हीएमएच या महागड्या ब्रँडांच्या मोठ्या समूहाने २०२१ मध्ये आपल्याच ब्रँडांचं उरलेलं कापड विकायला नोना सोर्स नावाचं दुकान काढलं. मालाला मोल आहे हे कळलं की माल विकत घ्यावा लागतो. मी तर आजही एंडबिटांना वजनावर ठरलेला दर देते, आणि वेळेवर देते. दुसरं कुणीतरी मोठी गाडी घेऊन आलं तरी स्टोअरमधली माणसं आधी मला फोन करतात, ते त्यामुळे.

तुझ्या पाठीच्या भागाबद्दल: मधोमध एक उभा जोड देऊ नकोस, पाणी नेमकं तिथून झिरपतं. खांद्यापासून आडवा जोड दे, वरचा भाग खालच्यावर दोन सेंटिमीटर उतरता ठेव, म्हणजे पाणी वरून ओघळून जाईल. वरचा भाग एका लॉटचा, खालचा दुसऱ्या. विटकरी कापड फक्त वरच्या भागाला आणि कॉलरला वापर. पॅटर्न तसा बसला तर हातातलं विटकरी बऱ्याच जॅकेटांना पुरेल, आणि चाळिसातला प्रत्येक नग खांद्याकडे बघून ओळखू येईल.

टाचणी

ताई, खांद्याचा भाग कागदावर मांडला. कापडाचा पन्ना (रुंदी) ५८ इंच आहे, आडवे तीन बसताहेत, कॉलर मधल्या फटींत. तांत्रिक तक्त्यासाठी कारखान्यात फोन केलाय, उद्या देतो म्हणाले. तक्ता आला की इथे लिहिते.

उभा धागा

तक्ता आल्याशिवाय बाईंना तारीख देऊ नकोस. आणि त्यांना भेटायला जाशील तेव्हा खालचा भाग वेगवेगळ्या रंगाचा असलेली दोन जॅकेटं शिवून ने, सोबत कार्ड. एकच जॅकेट नेलंस तर त्या तेच मागतील.